थोरल्याच्या वाटणीचा तुकडा

तिला कॉलेजात सगळे मास्तरीण म्हणत. ती होती दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, पण चार जणांना रांगेत उभं करायचं असलं की तिचा आवाज आपोआप चढायचा, आणि नवल म्हणजे ते चार जण मुकाट्याने उभेही राहायचे. लहानपणी ती बाहुल्यांची हजेरी घ्यायची आणि उशिरा आलेल्या बाहुलीला कोपऱ्यात उभी करायची, असं तिची आईच सांगते. अशा माणसाच्या ताब्यात नवी मुलं दिली की काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

नव्या मुलांचा पहिला आठवडा त्या कॉलेजात चाकवाल्या सरांचा असे. सर शिकवायचे गणित, पण हात सुताराचा. सुट्टीत ते गच्चीवर बसून प्लायवूडची गोल चाकं कापत आणि मग करवतीने एकेका चाकाचे वेडेवाकडे तुकडे करत. प्रवेश घेतलेल्यांचा आकडा ऑफिसातून आणायचा आणि जितकी मुलं तितकेच तुकडे पाडायचे, असा हिशेब. पहिल्या दिवशी दुसऱ्या वर्षाची काही मुलं फाटकापाशी पिशव्या घेऊन उभी राहत. एका पिशवीत एका चाकाचे आठ तुकडे. येईल त्या नव्या मुलाला एक द्यायचा. ज्यांचे तुकडे एकमेकांत बसले त्यांचा गट झाला. आठवडाभर त्यांनी मिळून खोल्या शोधायच्या, चुकायचं, विचारायचं, खेळायचं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपला तुकडा आपल्या हाताने बसवायचा आणि ते चाक जिन्याच्या भिंतीवर लागायचं. ती मुलं कॉलेज सोडून जाईपर्यंत ते तिथून हलत नसे.

सरांचा नियम एकच होता. तुकडा ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. बाकावर ठेवायचा नाही, कुणाबरोबर पाठवायचा नाही. का, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, हातात देताना माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, बाकी काही नाही. मुलांना हा सरांचा एक चक्रमपणा वाटायचा. मास्तरणीलाही वाटायचा, पण नियम म्हटला की ती पाळायची, आणि दुसऱ्यांनी पाळावा म्हणून त्याहून जास्त धडपडायची.

त्या वर्षीच्या पहिल्या दिवशी मात्र तिला घाई झाली होती. आपली पिशवी सगळ्यांच्या आधी रिकामी व्हावी, असं तिने मनाशी ठरवलं होतं. असल्या शर्यतीला बक्षीस नसतं, पण धावणाऱ्याला ते कोण सांगणार? पिशवीत शेवटचे दोन तुकडे उरले असताना एक मुलगी समोर आली. अंगाने किरकोळ, छातीशी फाईल घट्ट धरलेली. तिने एक हात पुढे केला आणि म्हणाली, "दोन द्या. भाऊ मागून येतोय."

मास्तरणीने मागे नजर टाकली. मागे गर्दी होती, आणि गर्दीत कुणाचा ना कुणाचा भाऊ असतोच. तिने दोन्ही तुकडे त्या मुलीच्या हातावर ठेवले, पिशवी उलटी करून झटकली आणि शेजारच्या पिशवीवाल्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

जिन्याखाली गट जमला तेव्हा माणसं सात निघाली. आठवा कुठे, असं मास्तरणीने विचारलं. त्या मुलीने सांगितलं, भावाला बरं नाही, उद्या येईल. जुळी भावंडं होती ती. भाऊ दहा मिनिटांनी मोठा, एवढ्या भांडवलावर तो घरात थोरला झाला आणि ती जन्मभराची धाकटी. गटात एक पोरगा होता, ज्याचं तोंड पहिल्या तासापासून मिटलं नव्हतं आणि ज्याला त्याच तासाला पोपट हे नाव पडलं होतं. तो लगेच म्हणाला, दहा मिनिटांचा का होईना, मान हा मान असतो, आपण त्यांना थोरले म्हणू. झालं. न आलेल्या माणसाचं बारसं होऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी थोरले आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पोपट रोज सकाळी फाटकाकडे हात करून विचारायचा, "थोरल्यांची स्वारी निघाली का?" आणि कुणीतरी म्हणायचं, येतील, वरातीमागून घोडं येतं तसे येतील. गटात एक फार उंच, फार लाजरा मुलगा होता. सगळे त्याला लांब्या म्हणत. तो कमी बोलायचा, पण गोल करून बसायची वेळ आली की न चुकता आठ खुर्च्या मांडायचा. कॅन्टीनमध्ये आठ चहा यायचे आणि आठवा पोपट प्यायचा. थोरल्यांच्या वतीने, असं म्हणून.

मास्तरणीच्या एक गोष्ट पहिल्याच दिवशी लक्षात आली होती. धाकटी मुळात बोलतच नव्हती. नाव, गाव, आवड, काही विचारा, ती फाईलच्या कडेशी चाळा करत बसायची. पण भावाचा विषय निघाला की तिच्या तोंडावर कुणी दिवा लावल्यासारखं व्हायचं. तो गाणं म्हणायला लागला की शेजारी खिडक्या लावतात. तो कुत्र्यांना इतका घाबरतो की लांबच्या रस्त्याने घरी येतो. भात खाताना तो आधी कडेकडेने खातो आणि मधला डोंगर शेवटी पाडतो. मास्तरीण स्वतःवर खूश झाली. कुलूप कितीही गंजलेलं असो, आपल्याला किल्ली सापडतेच, असं तिला वाटलं. मग ती दर खेळात मुद्दाम थोरल्यांचा विषय काढू लागली. त्यांना काय आवडेल, ते असते तर काय म्हणाले असते. धाकटी सांगायची, गट हसायचा आणि गटाबरोबर धाकटीही हसायची.

एका सकाळी डोळे बांधून चालायचा खेळ होता. जोडी करायची, एकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि दुसऱ्याने त्याला हात न लावता, नुसत्या बोलण्यावर, फाटकापासून वाचनालयापर्यंत न्यायचं. गटात सात जण, म्हणजे धाकटी एकटी उरली. मास्तरणीने तिच्या डोळ्यांवर आपला रुमाल बांधला आणि पुढे होऊन वाट सांगू लागली. तीन पायऱ्या, डावीकडे खांब, आता सरळ. रुमालाआड धाकटी एकाएकी मोकळी झाली. तिने सांगितलं, ती इथे आत्याकडे राहते. आईचा तिला पाठवायला विरोध होता. शनिवारी बाबा येणार आहेत, करमतंय का ते बघायला. करमत नसेल तर त्याच दिवशी सामान बांधून परत जायचं, असं ठरलंय.

"मग, करमतंय का?" मास्तरणीने विचारलं.

धाकटी थोडं अंतर तशीच चालली. मग म्हणाली, "इथं करमतं. सकाळी डोळे उघडले की कॉलेजात कधी जाते असं होतं. घरी नाही तसं होत."

मास्तरणीला वाटलं, आपण जिंकलो. ही राहणार.

पुढचा खेळ होता, ज्याला जे येतं ते त्याने सगळ्यांना शिकवायचं. कुणी कागदाचा पक्षी शिकवला. पोपटाने एका दमात वर्णमाला उलटी म्हणून दाखवली, जिचा कुणालाच काही उपयोग नव्हता. धाकटीने शिकवली शिट्टी. दोन बोटं जिभेखाली दुमडायची आणि फुंकायचं, एक लांब आणि लगेच दोन आखूड. गल्लीच्या टोकावरून थोरला तिला जेवायला अशी हाक मारायचा, ती म्हणाली. त्या दिवशी सगळं आवार दुमदुमलं. शिपायाने येऊन दम दिला, तरी पोरं थांबेनात. एकट्या लांब्याच्या तोंडून फक्त हवा निघत होती. तो घरी जाताना, रस्त्यातही, बोटं तोंडात घालून फू-फू करत होता, असं म्हणतात.

आता उरला होता एकच दिवस, आणि चाकात एक तुकडा कमी. दुसरी कुणी असती तर तिने म्हटलं असतं, जाऊ दे. पण अर्धवट काम मास्तरणीच्या घशाखाली उतरत नसे. तिने ठरवलं, थोरले आपल्या पायांनी येत नसतील तर आपण जाऊन त्यांना उचलून आणू. धाकटीला यातलं काही सांगायचं नाही, तिला गंमत वाटेल. दुपारी तिने आत्याचा पत्ता शोधून काढला, दारातून आत जाण्याआधी चपला काढल्या आणि बेल वाजवली. दार उघडलं ते हाताला पीठ लागलेल्या एका बाईंनी. कॉलेजातली ताई आली आहे हे कळल्यावर त्यांचं तोंड खुललं. धाकटी दुकानात गेली होती, येईलच एवढ्यात, त्या म्हणाल्या.

"मी तिच्यासाठी नाही आले," मास्तरीण हसत म्हणाली, "थोरल्यांना न्यायला आलेय. किती दिवस पांघरूण घेऊन पडायचं? उद्या नाही आले तर आमचं चाक लुळं राहील."

आत्या हाताचं पीठ पदराला पुसत राहिली, आणि हात कोरडा झाला तरी पुसत राहिली. मग तिने मास्तरणीला आत बसवलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. सुट्टीत ताप आला त्याला. साधा ताप, कुणाला येत नाही? दवाखान्यात नेताना रिक्षात बसून बहिणीला चिडवत होता. दोन दिवसांत खेळ संपला. दोघांनाही इथे प्रवेश मिळालेला, दोघांच्याही गाद्या आत्याने इथे घालून ठेवलेल्या. तो गेल्यापासून त्याच्या बापाने त्याचं नाव घेतलं नाही. आई घेऊ देत नाही. घरात त्याचा विषय निघाला की कुणीतरी उठून पाणी प्यायला जातं.

"आणि ही पोरगी रोज कॉलेजातून हसत येते," आत्या म्हणाली. "इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. मी तिच्या बापाला फोन करून सांगितलं, मानवलं हो कॉलेज. आता मला कळतंय ती कशाने हसत होती ते. मी त्याला काय तोंड दाखवू?"

आपण दारात काय बोललो, हे मास्तरणीला आठवलं आणि आपली जीभ तोडून टाकावी असं तिला वाटलं. चहा पिणारा पोपट, खुर्च्या मांडणारा लांब्या, आणि दर खेळात मेलेल्या मुलाचा विषय काढणारी ती स्वतः. किल्ली सापडली म्हणून ती खूश होती. ती किल्ली नव्हतीच, ती जखम होती, आणि आपण रोज तिच्यात बोट घालत होतो. निदान तेव्हा तिला तसंच वाटलं.

ती बाहेर पडली तेव्हा धाकटी जिन्याच्या पायरीवर बसली होती. हातात पावाची पिशवी. दारातल्या चपला ओळखून ती आत आलीच नव्हती. मास्तरीण तिच्या शेजारी बसली. बराच वेळ दोघी जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाट करून देत राहिल्या.

"मी ठरवून नव्हतं मागितलं," धाकटी शेवटी म्हणाली. "तुमच्या पिशवीत दोन दिसले आणि तोंडातून निघून गेलं. मी लहानपणापासून दोनच मागते, ताई. गोळी असो, फुगा असो. एक माझी, एक त्याची. मग तुम्ही सगळे त्याची वाट बघायला लागलात. घरी कुणी त्याची वाट बघत नाही."

मास्तरणीला रडू आलं. तिने ते दाबलं नाही. धाकटी मात्र रडत नव्हती. ती म्हणाली, "उद्या तुम्ही सांगाल सगळ्यांना. सांगा. पण तो इथूनही गेला तर मी इथे राहून काय करू? मी बाबांबरोबर जाते परत."

घरी गेल्यावर मास्तरणीचं कशात लक्ष लागेना. खरं सांगावं तर पोरगी जाते, गप्प बसावं तर उद्या सगळे फाटकाकडे डोळे लावून बसणार. शेवटी तिने मधला रस्ता काढला. मधले रस्ते बहुतेक वेळा खड्ड्यात जातात, पण ते शहाणपण मागाहून येतं.

सकाळी गट जमला. लांब्याने आठ खुर्च्या मांडल्या. धाकटी आपल्या खुर्चीत फाईल कवटाळून बसली, अगदी पहिल्या दिवसासारखी. मास्तरणीने घसा साफ केला आणि सांगितलं, की थोरल्यांना दुसऱ्या गावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आहे, ते तिकडे गेले, आता ते येणार नाहीत. आवाज नेहमीसारखा ठेवायचा तिने पुष्कळ प्रयत्न केला. धाकटीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार होते की आणखी काही, ते मास्तरणीला कळलं नाही.

मग पोपट उसळला. आठवडाभर ज्याच्या नावाने चहा प्यायला त्याच्यावर रागवायचा त्याला हक्कच होता, असं त्याला वाटत असावं.

"म्हणजे पळाले! आम्ही इथे खुर्च्या मांडतोय आणि हे महाशय सख्ख्या बहिणीला एकटं टाकून दुसरीकडे? एवढं तरी सांगायचं होतं. असले थोरले काय कामाचे?"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, जाऊ दे, असतात अशी माणसं. कुणीतरी म्हणालं, त्याच्या तुकड्याचा पाट करा बसायला. लांब्या उठला, आठव्या खुर्चीपाशी गेला आणि ती उचलायला वाकला.

"ठेव ती," धाकटी म्हणाली.

ती उभी राहिली होती. फाईल खाली पडली होती. "तो पळाला नाही. मला सोडून तो कधी शेजारच्या गल्लीतसुद्धा गेला नाही. त्याला काही बोलू नका. तो वारलाय. सुट्टीत. मी तुमच्याशी खोटं बोलले."

बाहेर दुसऱ्या कुठल्या तरी गटाचा टाळ्यांचा खेळ चालू होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. पोपटाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि त्या दिवशी पुन्हा ते उघडलं नाही. लांब्या खुर्चीची पाठ धरून तसाच वाकलेला राहिला. मग त्याने आठवड्याभरातला बहुधा पहिला प्रश्न विचारला.

"ते कुत्र्यांचं खरं होतं?"

धाकटीने मान हलवली. "खरं होतं. गाण्याचं, भाताचं, सगळं खरं होतं. फक्त तो येतोय हे खोटं होतं."

लांब्याने खुर्ची होती तिथे परत ठेवली आणि तो आपल्या जागी जाऊन बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग एकेक करत सगळे रडू लागले. ज्याला कुणी पाहिलं नव्हतं, ज्याचा आवाज कुणाच्या कानावर पडला नव्हता, त्या मुलासाठी सहा परकी पोरं घरचं माणूस गेल्यासारखी रडत होती. मास्तरणीला तेव्हा समजलं, की काल आपण अर्धंच समजलो होतो. धाकटी आपला भाऊ घेऊन कॉलेजात आली होती, आणि या पोरांनी त्याला जागा दिली होती.

दुपारी जिन्यापाशी चाकं जुळवली गेली. यांच्या चाकात सात तुकडे बसले आणि एक फट राहिली. सर त्या फटीपाशी थांबले आणि आठवा कुठे म्हणून त्यांनी विचारलं. मास्तरीण पुढे झाली. तिने सांगितलं, की चूक तिची. तुकडा ज्याचा त्याच्या हातात दिला नाही, गर्दीकडे बघितलं आणि देऊन टाकला. समोरच्या मुलीच्या तोंडाकडे बघितलंच नाही. मग तिने बाकीचं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ऑफिसातून आणलेल्या आकड्यात तो मुलगा होता. त्याचा तुकडा त्यांनीच कापला होता.

"तू बसवतेस का?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"तो माझा नाही," ती म्हणाली.

"बरोबर आहे," सर म्हणाले. त्यांनी स्टुलावर चढून ते चाक फटीसकट भिंतीवर लावलं. फटीतून भिंतीचा फिकट रंग दिसत होता.

त्यानंतर धाकटीने सगळ्यांचा निरोप घेतला. फाटकापाशी तिचे बाबा येऊन उभे होते, हातात रिकामी पिशवी, सामानासाठी आणलेली. ती आवार ओलांडून त्यांच्याकडे निघाली. गट जिन्यापाशी उभा होता. थांब म्हणायला कुणाची जीभ उचलेना. काय म्हणून थांब म्हणायचं? बाप-लेक फाटकाबाहेर वळले, तेवढ्यात लांब्याने दोन बोटं तोंडात घातली. आतापर्यंत जिथे नुसती हवा निघत होती तिथून खणखणीत शिट्टी निघाली. एक लांब, दोन आखूड.

धाकटीचा पाय अडखळला, पण थांबला तो तिचा बाप. तो जागच्या जागी थांबला, मग सावकाश वळला आणि फाटकातून परत आत आला. भराभर चालत, जवळजवळ धावत, तो जिन्यापाशी आला. पोरं घाबरून एकमेकांना चिकटली.

"हे तुला कुणी शिकवलं?" त्याने लांब्याला विचारलं.

"थोरल्यांनी," लांब्या बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. "म्हणजे, हिनं. पण त्यांचं आहे ते."

तो माणूस पायरीवर बसला. कुठे बसतोय हे न बघता बसला, म्हातारी माणसं बसतात तसा. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आणखी काय काय सांगितलंय हिनं त्याचं?"

मग एकाने गाण्याचं सांगितलं. दुसरीने भाताच्या डोंगराचं. कुत्र्यांचं निघालं तेव्हा तो मध्येच म्हणाला, "कुत्र्यांना नाही, एकाच कुत्र्याला घाबरायचा. आमच्या कोपऱ्यावरच्या. आणि ते इतकं म्हातारं होतं, की त्याला तोंडात दातच नव्हते." तो हसला, आणि हसता हसता रडू लागला. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं ते. धाकटी त्याच्या शेजारी बसून त्याची पाठ चोळत राहिली. पुष्कळ वेळाने तो उठला, भिंतीवरच्या चाकापाशी गेला आणि त्या फटीत त्याने एकदा बोट फिरवून पाहिलं.

"आईला काय सांगू?" त्याने मुलीला विचारलं.

"सांगा, करमतंय," ती म्हणाली. "आणि तिला शिट्टीचं सांगा. उठून गेली तरी सांगा."

रिकामी पिशवी घडी करून खिशात घालून तो एकटाच परत गेला.

वर्ष गेलं. पुढच्या नव्या मुलांच्या दिवशी मास्तरीण शेवटच्या वर्षाला होती, तिचं फाटकापाशी काही काम नव्हतं. तरी ती येऊन बाजूला उभी राहिली. सवय, दुसरं काय. धाकटी पिशवी घेऊन उभी होती. तिच्यापुढची रांग सगळ्यांत सावकाश सरकत होती, कारण ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. दुसऱ्या पिशव्या रिकाम्या झाल्या तरी तिची अर्धी भरलेली होती. एक मुलगी आली, घाईत. म्हणाली, दोन द्या, माझा भाऊ मागे सायकल लावतोय.

धाकटीने एक तुकडा तिच्या हातात दिला आणि पिशवीचं तोंड मिटलं. "त्याला येऊ दे," ती म्हणाली. "मी थांबते."

मागची मुलं कुरकुरली. अहो, देऊन टाका ना, कुणीतरी म्हणालं. धाकटी न ऐकल्यासारखं करून तशीच उभी राहिली. मास्तरीण पुढे झाली आणि तिने रांगेला आपल्या जुन्या आवाजात गप्प केलं. धाकटीने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. सायकलींच्या बाजूने एक मुलगा केस सारखे करत धावत आला, कशासाठी थांबवलंय ते न कळून सगळ्यांकडे बघू लागला.

धाकटीने तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला, त्याची बोटं त्यावर मिटवली आणि तिचा हात सुटायला जरा वेळ लागला.